जुनी नाविक टेबलं आणि सेक्स्टंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली, आभाळ धुऊन निघालं की माझ्याकडे हे प्रश्न यायला लागतात. कुणाच्या घरी माळ्यावरची आजोबांची पेटी उघडलेली असते, कुणाचा मुलगा जहाजावर जायच्या परीक्षेला बसलेला असतो, आणि काही जणांना नुसतंच किनाऱ्यावर उभं राहून सूर्यावरून आपली जागा काढायची असते. मी जहाजावर बरीच वर्षं काढली, आता गोव्यात घरी असतो, आणि हा विषय मला मनापासून आवडतो. प्रत्येकाला तेच वेगवेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एकत्र करून ठेवलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, कारण उत्तरात मधे मधे "अमुक नंबर बघा" असं येईल.

१. नाविक टेबलं म्हणजे काय? बारावीला वापरायचो त्या लॉग टेबलासारखंच का?

हो, जात तीच. नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिदम छापले आणि गुणाकाराची बेरीज झाली, भागाकाराची वजाबाकी झाली. याचा मोठा फायदा झाला तो हलत्या जहाजावर कंदिलाच्या उजेडात गणित मांडणाऱ्या माणसाला. बारावीच्या टेबलात चार आकडी लॉग असतात, नाविकाच्या पुस्तकात पाच आकडी, आणि त्यात जास्त पानं कोनांची: साइन, कोसाइन, हॅव्हरसाइन (प्रश्न ४ बघा) यांचे लॉग, दर मिनिटाला (अंशाचा साठावा भाग) एक ओळ. शिवाय डिप (डोळ्याच्या उंचीची दुरुस्ती), रिफ्रॅक्शन (हवेत प्रकाश वाकतो त्याची दुरुस्ती), ट्रॅव्हर्स (चाललेल्या अंतराचा हिशेब), अझिमथ म्हणजे सूर्य-ताऱ्याची दिशा काढायची एबीसी टेबलं असा बराच ऐवज असतो. आपल्याकडे मर्चंट नेव्हीत सगळ्यात जास्त हाताळलं गेलेलं पुस्तक म्हणजे नॉरीज, ते १८०३ पासून निघतंय. जुन्या अधिकाऱ्यांच्या घरी गेलात तर ते कपाटात असतंच.

२. माझे आजोबा तारवटी (जहाजावरचे खलाशी) होते, त्यांच्या पेटीत साधारण १९५५ चं टेबलांचं पुस्तक सापडलं. ते आता बाद झालं का?

अजिबात नाही, आणि कृपा करून रद्दीत देऊ नका. फक्त अशा पुस्तकात दोन प्रकारची पानं असतात हे आधी समजून घ्या, कारण मला येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

पहिली गणिताची पानं. साठ अंशांचा कोसाइन आजोबांच्या वेळी अर्धा होता, आजही अर्धाच आहे. लॉग, साइन-कोसाइन, हॅव्हरसाइन, ट्रॅव्हर्स, एबीसी ही सगळी टेबलं तुमच्या नातवंडांनाही चालतील.

दुसरी आकाशाची आणि पृथ्वीची पानं. ताऱ्यांच्या जागा, ध्रुवताऱ्याची दुरुस्ती, बंदरांचे अक्षांश-रेखांश, होकायंत्राचा चुंबकीय फरक. ही शिळी होतात, काही दहा वर्षांत, काही पन्नास वर्षांत. माझ्या स्वतःच्या पुस्तकात अशा प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने फुली मारून ठेवलीय. रात्री डोळे तारवटलेले असताना चुकून बोट तिकडे जाऊ नये म्हणून.

मधली काही पानं जपून वापरायची. डिपचं टेबल बरोबरच असतं पण जुन्या पुस्तकात उंची फुटांत असते. सोळा फुटांना डिप ३.९ मिनिटं आणि सोळा मीटरना ७.०, आणि कोनाचं एक मिनिट म्हणजे एक नाविक मैल, म्हणजे फूट-मीटरची गल्लत झाली तर तिथेच तीन मैल गेले. मेरिडिओनल पार्ट्स (चार्टवर अक्षांशांचं अंतर मांडायचे आकडे) पृथ्वीचा आकार कुठला धरलाय त्यावर थोडे बदलतात, पण नुसत्या साइटच्या (सूर्य-ताऱ्याची उंची मोजून जागा काढायच्या) गणितात ते लागतच नाहीत, त्यामुळे सोडून द्या.

३. टेबलं आहेत, मग अजून काय काय लागतं?

सेक्स्टंट (क्षितिजापासून सूर्य-ताऱ्याची उंची कोनात मोजायचं यंत्र), सेकंदापर्यंत खात्रीचं घड्याळ, चालू वर्षाचं नॉटिकल अल्मनॅक, पेन्सिल आणि चौकटीचा कागद. अल्मनॅक सगळ्यात महत्त्वाचं, कारण सूर्य-चंद्र-तारे त्या क्षणी पृथ्वीवर कुठल्या जागेच्या बरोबर डोक्यावर आहेत ते त्यातच मिळतं, आणि ते मिळाल्यावर मग टेबलांचं काम सुरू होतं. प्लॅस्टिकचा सेक्स्टंट शिकायला पुरतो, फक्त तो उन्हात तापला की इंडेक्स एरर (शून्य दाखवायला हवं तिथे यंत्र जे दाखवतं ती चूक) सरकते म्हणून प्रत्येक साइटच्या आधी आणि नंतर तपासायची. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळायची: सूर्याकडे बघण्याआधी गडद काचा लावल्यात का ते हाताने चाचपून बघा. डोळा गेला की परत येत नाही.

४. हॅव्हरसाइन हे काय प्रकरण आहे? शाळेत तर कधी ऐकलं नव्हतं.

एकमधून कोसाइन वजा करायचा आणि उरलेल्याचं अर्ध करायचं, झाला हॅव्हरसाइन. हे नाव जेम्स इनमनने १८३५ च्या आसपास रुळवलं. गरज का पडली ते सांगतो. गोलावरच्या त्रिकोणाचं साधं सूत्र साइन-कोसाइनचं आहे, पण नव्वदच्या पुढे कोसाइन उणा होतो आणि उण्या आकड्याला लॉगच नसतो, मग चिन्हांचे नियम लक्षात ठेवत बसावं लागतं आणि झोपमोड झालेला माणूस तिथे हमखास चुकतो. हॅव्हरसाइन कायम शून्य ते एकच्या मध्ये, कधी उणा नाही. एवढ्यासाठी कुणीतरी मान मोडून हजारो आकडे हाताने काढून छापले, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

जुनं पुस्तक हातात आलं की ही तीन जागा आधी बघा: ६० अंशांना नॅचरल हॅव्हरसाइन ०.२५, ९० ला ०.५०, १२० ला ०.७५. जुळले तर तुम्ही योग्य कॉलम वाचताय. पान फाटलेलं किंवा आकडा पुसट असेल तर वरच्या आणि खालच्या ओळींतला फरक बघून मधला आकडा भरता येतो, फरक एकसारखा हळूहळू बदलत जातो.

५. एक पूर्ण गणित करून दाखवाल का? व्हिडिओत सगळे भराभर पुढे पळतात.

दाखवतो, सावकाश. आकडे सोयीसाठी गोल घेतलेत. समजा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दुपारी पावणेचारच्या पुढे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहात. आपण धरलेली जागा १५°३०′ उत्तर. अल्मनॅकवरून सूर्याचं डेक्लिनेशन, म्हणजे आपली क्रांती, १०°००′ दक्षिण. सूर्याचा आपल्या रेखांशापासूनचा तासकोन म्हणजे एलएचए ४५°. आता टेबल उघडा:

लॉग हॅव्हरसाइन ४५° = ९.१६५६८
लॉग कोसाइन १५°३०′ = ९.९८३९१
लॉग कोसाइन १०°००′ = ९.९९३३५
बेरीज, दहाचे पट सोडून = ९.१४२९४

हा लॉग हॅव्हरसाइन झाला, त्याच्याच शेजारच्या कॉलममध्ये नॅचरल हॅव्हरसाइन बघा: ०.१३८९८. आता अक्षांश आणि डेक्लिनेशन यांच्यातलं अंतर. एक उत्तर, एक दक्षिण, म्हणून बेरीज, २५°३०′ (दोन्ही एकाच दिशेचे असते तर वजाबाकी केली असती). त्याचा नॅचरल हॅव्हरसाइन ०.०४८७१. दोन्ही मिळवले की ०.१८७६९. हा आकडा हॅव्हरसाइनच्या टेबलात उलट शोधायचा, मिळतो ५१°२०.७′. हे डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्याचं अंतर. नव्वदमधून वजा केलं की गणिताने आलेले उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, ३८°३९.३′.

आता सेक्स्टंटवरून दुरुस्त्या करून तुमचे खरे उन्नतांश आले ३८°३५.३′ (ते कसे आले ते प्रश्न ७ मध्ये, तिथे हेच उदाहरण पुढे चालवलंय). फरक चार मिनिटांचा, म्हणजे चार नाविक मैल, यालाच इंटरसेप्ट म्हणतात. खरे उन्नतांश कमी, म्हणजे तुम्ही धरलेल्या जागेपेक्षा सूर्यापासून चार मैल लांब आहात.

सूर्याची दिशा एबीसी टेबलावरून. ए = ०.२७७ दक्षिण, बी = ०.२४९ दक्षिण, दोघांचं नाव एकच म्हणून बेरीज ०.५२६, आणि सी टेबलातून अझिमथ दक्षिणेकडून ६३.१° पश्चिमेला, म्हणजे २४३°. चार्टवर धरलेल्या जागेतून २४३° ची रेघ, तिच्यावर सूर्याच्या उलट बाजूला चार मैल, आणि तिथे काटकोनात दुसरी रेघ. तुम्ही या दुसऱ्या रेघेवर कुठेतरी आहात. नेमकी जागा हवी तर अजून एक रेघ पाहिजे, दोनतीन तासांनी परत सूर्य घ्या किंवा संधिप्रकाशात तारे घ्या.

ही इंटरसेप्टची पद्धत फ्रेंच नौदलातल्या मार्क सँतिलेरची, १८७५ ची. एका साइटवरून रेघ मिळते हे त्याच्याही आधी १८३७ मध्ये समनर नावाच्या अमेरिकन कप्तानाच्या लक्षात आलं होतं.

६. तुमच्या उदाहरणात लॉग ९.९८ असा आहे, पण माझ्या कॉलेजच्या टेबलात एकवर आडवी रेघ येते. कुठलं बरोबर?

दोन्ही. कोसाइन एकपेक्षा लहान म्हणून त्याचा लॉग उणा येतो. शाळेत ते बार एक असं लिहितात, नाविकांच्या पुस्तकात त्यात दहा मिळवून ९ लिहितात म्हणजे बार-बीर काही नको, सरळ बेरीज करा आणि शेवटी दहा, वीस जे जास्तीचं साठलं असेल ते टाकून द्या. तीन लॉग मिळवले तर २९.१४२९४ येईल, त्यातले वीस काढून ९.१४२९४. फक्त एकाच गणितात दोन्ही पद्धती मिसळू नका.

७. सेक्स्टंटवर वाचलेला आकडा सरळ का वापरत नाही?

कारण तुम्ही पाण्यापासून उंचावर उभे असता, हवा प्रकाशाला वाकवते, आणि तुम्ही सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकवलेली असते, मध्य नाही. प्रश्न ५ चंच उदाहरण घेऊ. सेक्स्टंटवर ३८°२४.२′ दिसलं. इंडेक्स एरर दीड मिनिट, शून्याच्या डावीकडे म्हणजे आर्कवर, म्हणून वजा: ३८°२२.७′. डोळ्याची उंची वाळूवर पाण्यापासून दोन मीटर, डिप २.५ वजा: ३८°२०.२′. रिफ्रॅक्शन १.२ वजा, पॅरलॅक्स (पृथ्वीच्या मध्यातून नाही, पृष्ठभागावरून बघतो त्याचा फरक) ०.१ अधिक, सूर्याची अर्धी जाडी फेब्रुवारीत १६.२ अधिक. झाले ३८°३५.३′.

अल्मनॅकच्या पहिल्या पानावर शेवटच्या तीन दुरुस्त्या एकत्रच दिलेल्या असतात. पण सुरुवातीला एकेक सुटी करा, कुठली किती मोठी आहे ते हाताला कळतं. रिफ्रॅक्शनचं टेबल थंड हवामान धरून केलेलं असतं, आपल्याकडे ते थोडं कमी भरतं, पण सूर्य पंधरा अंशांच्या वर असेल तर तो फरक विसरा. क्षितिजाजवळ मात्र रिफ्रॅक्शन ३४ मिनिटांपर्यंत जातं आणि बेभरवशाचं असतं, म्हणून बुडत्या सूर्यावर गणित करायला मी कुणालाच सांगत नाही, फोटो काढा.

८. वेळ किती अचूक पाहिजे? मोबाइलची चालेल ना?

चालेल, रेंज असताना जुळवून घेतलेली असली तर. चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एक मिनिट, आणि गोव्याच्या अक्षांशावर ते एक मैलाला किंचित कमी. अल्मनॅक सगळं ग्रीनिचच्या वेळेत असतं, म्हणून भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा.

आणि इथे एक खड्डा आहे. पहाटे साडेपाचच्या आधी ग्रीनिचला अजून आदल्या दिवसाची तारीख असते. मी नवीन अधिकारी असताना बंगालच्या उपसागरात पहाटे पाचच्या सुमाराला चार तारे घेतले, जहाजाचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं, तास बरोबर वजा केले पण पान आजच्या तारखेचं उघडलं. चारही रेघा एका बिंदूत इतक्या सुंदर भेटल्या की मी खूश होऊन कप्तानसाहेबांना दाखवायला गेलो, आणि ती जागा होती ५९ मिनिटं पश्चिमेला सरकलेली. तारामंडळ दिवसाला तेवढंच पुढे जातं, त्यामुळे सगळे तारे एकसारखे चुकले आणि एकमेकांशी जुळलेच. रेघा छान जुळल्या म्हणजे जागा बरोबर असं नसतं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं. सूर्याच्या बाबतीत ही चूक आणखी लपते, कारण त्याचा तासकोन रोज जवळजवळ तसाच असतो, फक्त डेक्लिनेशन थोडं बदलतं.

९. गोव्यात दुपारी बाराला सूर्य सगळ्यात वर नसतो का? आणि त्या वेळी टेबलं लागतात का?

नसतो. आपली घड्याळं ८२°३०′ रेखांशाची, पणजी ७३°५०′ वर. फरक ८°४०′, म्हणजे ३४ मिनिटं ४० सेकंद. सरासरी मध्यान्ह बारा चौतीसला. त्यात सूर्य स्वतः वर्षभर पुढेमागे होतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२:१८ ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ ला सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो.

मध्यान्हाच्या साइटला लॉगची टेबलं लागतच नाहीत, म्हणून नवशिक्याने इथूनच सुरू करावं. २२ डिसेंबरला डेक्लिनेशन २३°२६′ दक्षिण. खरे उन्नतांश ५१°०४′ आले तर नव्वदमधून वजा करून ३८°५६′, त्यातून २३°२६′ वजा, राहिले १५°३०′ उत्तर. हीच पणजी. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा अंगावर काटा येतो, खरं सांगतो.

१०. सराव कुठल्या किनाऱ्यावर करावा? आमच्या वाडीतून समुद्रच दिसत नाही.

दुपारनंतर कळंगुट, मोरजी, बाणावली, कुठलाही उघडा पश्चिम किनारा चालेल. मिरामारला समोर आग्वादची जमीन आडवी येते, तिथे क्षितिज समजून पलीकडचा काठ धरला जातो, तेवढं टाळा. सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूला असतो म्हणून क्षितिज मिळत नाही, आणि मध्यान्हाला तो बहुतेक वर्ष दक्षिणेला असतो, त्यामुळे वाळूवरून नीट दक्षिण दिसते का ते आधी बघून ठेवा.

वाडीतल्यांसाठी उपाय आहे. पसरट थाळीत काकवी किंवा वापरलेलं काळं इंजिन ऑइल ओता, वारा लागणार नाही अशी आडोशाला ठेवा, आणि सेक्स्टंटमधून आकाशातला सूर्य थाळीतल्या सूर्यावर आणून टेकवा. आलेला कोन दुप्पट असतो. इंडेक्स एरर काढायची, मग अर्ध करायचं, डिप लावायची नाही. पाणी जरासं हललं तरी प्रतिमा फुटते म्हणून घट्ट द्रव बरा. अडचण एकच, साधा सेक्स्टंट साधारण १२० अंशांपर्यंत मोजतो, म्हणजे सूर्य साठच्या वर गेला की ही युक्ती संपली. गोव्यात मध्यान्हाला हे जमतं फक्त नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. एरवी सकाळी किंवा दुपारी उशिरा घ्या.

११. मे महिन्यात माझं गणित वेड्यासारखं येतं. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, सूर्य तुमच्या बरोबर डोक्यावर आहे. २ मे च्या आसपास आणि परत १० ऑगस्टच्या आसपास डेक्लिनेशन साडेपंधरा अंश उत्तर होतं, तेच पणजीचं अक्षांश. ऑगस्टात ढगांमुळे कुणाला कळत नाही, मेमध्ये कळतं. इंटरसेप्टची पद्धत धरून चालते की वर्तुळाचा छोटा तुकडा सरळ रेघ मानता येतो, आणि उन्नतांश ८७-८८ च्या वर गेले की वर्तुळ इतकं लहान होतं की ते मानता येत नाही. शिवाय सूर्याची दिशा काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेला पलटते, सेक्स्टंट घेऊन गोल फिरावं लागतं.

मग टेबलं बाजूला ठेवायची. चार्टवर सूर्याची जागा मांडा: अक्षांश म्हणजे डेक्लिनेशन, रेखांश म्हणजे जीएचए, ग्रीनिचपासून पश्चिमेला मोजलेला तासकोन (१८०° च्या वर असेल तर ३६० मधून वजा करून पूर्व रेखांश). नव्वदमधून खरे उन्नतांश वजा करून आलेली मिनिटं म्हणजे मैल, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ कंपासने काढा. चारपाच मिनिटांनी दुसरं, मग तिसरं. सूर्याची जागा मिनिटाला १५′ पश्चिमेला सरकते त्यामुळे वर्तुळं छान छेदतात आणि दहा मिनिटांत पूर्ण पोझिशन हातात येते. वर्षातला हा सगळ्यात मजेदार सराव आहे, चुकवू नका.

१२. नवीन अल्मनॅक नाही, गेल्या वर्षीचं किंवा चार वर्षांपूर्वीचं चालेल का? आणि घरातलं पंचांग?

सूर्यासाठी चार वर्षांपूर्वीचं त्याच तारखेचं पान सरावाला चालतं, लीप वर्षाचं चक्र जुळतं आणि डेक्लिनेशन एका मिनिटाच्या आत राहतं. गेल्या वर्षीचं वापरायचं असेल तर कसं ते अल्मनॅकमध्येच सांगितलेलं असतं. चंद्र आणि ग्रहांसाठी चालू वर्षाचंच लागतं.

घरच्या पंचांगाची कल्पना तीच, आकाश आधीच मांडून ठेवणं. पण त्यातले ग्रहांचे अंश निरयन, म्हणजे आपल्या मोजणीपेक्षा सुमारे चोवीस अंशांनी कमी, आणि आपल्याला लागणारा तासकोन त्यात नसतो. मुहूर्ताला ते, जहाजाला हे. कोलकात्याचं पोझिशनल अॅस्ट्रॉनॉमी सेंटर राष्ट्रीय पंचांग काढतं आणि इंडियन अॅस्ट्रॉनॉमिकल इफेमेरिसही काढतं, पण पूर्ण नवशिक्याने नॉटिकल अल्मनॅकच धरावं, पानाची मांडणी नाविकासाठीच केलेली असते.

१३. शंभर वर्षांपूर्वीचं अल्मनॅक आणि जुनी लॉगबुकं तपासतोय, तारखाच जुळत नाहीत!

१९२५ च्या आधीचं आहे ना? तेव्हा खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मध्यरात्री नाही तर दुपारी सुरू व्हायचा. अल्मनॅकमधले "३ जानेवारी २० तास" म्हणजे आपल्या भाषेत ४ जानेवारीचे सकाळचे आठ. शिवाय त्यात जीएचए नसतो, सूर्यासाठी इक्वेशन ऑफ टाइम (घड्याळ आणि सूर्य यांच्यातला फरक) आणि ताऱ्यांसाठी राइट असेन्शन (ताऱ्याचं आकाशातलं रेखांश) तासांत दिलेलं असतं, एक तासाला १५° असं रूपांतर करून घ्या. १९०६ पर्यंतच्या ब्रिटिश अल्मनॅकमध्ये चंद्रापासून ताऱ्यांची अंतरंही दिसतील, क्रोनोमीटर (जहाजावरचं अचूक घड्याळ) नसेल तर त्यावरून वेळ काढायचे.

१४. ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून थेट अक्षांश मिळतं म्हणतात, मग माझं पाऊण अंश का चुकतं?

ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. १९०० च्या सुमाराला तो सव्वा अंशाच्या जवळपास लांब होता, आता पाऊण अंशाहूनही कमी. तो ध्रुवाभोवती फिरतो म्हणून कधी मिळवायचं, कधी वजा करायचं. आजोबांच्या पुस्तकातलं ध्रुवताऱ्याचं टेबल इथे वापरू नका (प्रश्न २ मधली लाल फुली), चालू अल्मनॅकमधलं घ्या. गोव्यातून तो पंधरा अंशांवर, क्षितिजावरच्या धुरकटात असतो, जानेवारीतली स्वच्छ पहाट त्याला बरी.

१५. चंद्र घेऊ का? दिवसा सूर्य-चंद्र दोन्ही दिसतात तेव्हा लगेच पोझिशन मिळेल ना?

मिळेल, आणि जरूर घ्या, पण आधी पन्नासेक सूर्य होऊ देत. चंद्र जवळ असल्यामुळे पॅरलॅक्स एक अंशापर्यंत जातो, आणि कुठली कड पूर्ण उजळलीय ते बघून वरची किंवा खालची घ्यावी लागते. चंद्राच्या दुरुस्तीचं टेबल अल्मनॅकच्या शेवटी असतं, वरच्या कडेला शेवटी ३०′ वजा करायचे असतात आणि तेच सगळे विसरतात.

१६. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा हीच टेबलं वापरायचे का?

नाही, लॉगॅरिदमला तेव्हा शंभर वर्षं अवकाश होता. त्यांच्याकडे सूर्याच्या डेक्लिनेशनची टेबलं होती, झाकूतो या ज्यू विद्वानाचं पंचांग १४९६ मध्ये पोर्तुगालात छापलं गेलं. अॅस्ट्रोलेबने (कोन मोजायच्या तबकडीने) मध्यान्हाचा सूर्य, त्यावरून अक्षांश, बस्स. रेखांश अंदाजाने. जुआंव द कास्त्रो, जो पुढे इथला व्हाइसरॉय झाला, त्याने १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला येताना वाटभर सूर्य आणि होकायंत्र मोजून सगळं लिहून ठेवलं. म्हणजे प्रश्न ९ मधलं तुमचं मध्यान्हाचं गणित या पाण्यावर पाचशे वर्षं चालू आहे.

१७. जीपीएस असताना हे कशाला?

कारण जीपीएस बाहेरून येणारा कमकुवत सिग्नल आहे, तो दाबता येतो आणि खोटाही पाठवता येतो. अमेरिकेच्या नौदल अकादमीने मधे बंद केलेलं हे शिक्षण २०१५ मध्ये परत सुरू केलं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत जीपीएसला बंदीच होती, आणि तिच्यात उतरलेल्या अभिलाष टॉमींची 'थुरिया' बोट त्यासाठी आपल्या गोव्यातच बांधली गेली. बाकी माझं स्वतःचं कारण साधं आहे, जी जागा मी स्वतः काढली तिच्यावर माझा विश्वास बसतो.

१८. पावसाळ्यात पुस्तकाला बुरशी येते, कसर लागते. काय करू?

जूनच्या आधी कोरड्या दिवशी सावलीत एकेक पान मोकळं करून वाळवा, उन्हात नको, कागद ठिसूळ होतो. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसतं बांधून ठेवू नका, आतच घाम धरतं. हॅव्हरसाइन आणि एबीसीच्या पानांची झेरॉक्स काढा आणि सरावाला तीच वापरा.

१९. उत्तर बरंच चुकतंय, पण गणितात चूक सापडत नाही. कुठे शोधू?

चूक किती आहे ते आधी बघा, आकडाच बहुतेक वेळा सांगतो. इंटरसेप्ट ३२ मैलांच्या आसपास चुकला तर वरची कड धरून खालची दुरुस्ती लावलीत. नेमका ६० असेल तर अंश चुकीचा वाचलात. रेखांश १५′ ने गेलं तर घड्याळाचा एक मिनिट चुकला, सेकंद बघायच्या नादात मिनिटकाटा असा निसटतो. ५९′ असेल तर प्रश्न ८. तीनचार मैल कायम एकाच बाजूला, तर इंडेक्स एररचं चिन्ह उलटं लागलं किंवा फूट-मीटर. इंटरसेप्ट शेकडो मैलांचा आला तर अक्षांश-डेक्लिनेशनची बेरीज करायची तिथे वजाबाकी केलीत.

इंटरसेप्ट ठीक पण रेघ भलत्याच दिशेला असेल तर एबीसीची नावं तपासा. बीचं नाव कायम डेक्लिनेशनचं. एचं नाव अक्षांशाच्या उलट, पण तासकोन ९० ते २७० च्या मध्ये असेल तर अक्षांशाचंच. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा सूर्य घेतला की हा अपवाद समोर येतो, आणि तेव्हा शंका आली तर साधा होकायंत्र उचलून सूर्य खरोखर कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या.